भंडारा नावाचा पतंग

टसर रेशमाच्या पतंगाचे स्थानिक वाण मोजायला बसलं की शास्त्रज्ञ चाळीसहून अधिक नावं घेतात. डाबा, सुकिंदा, मोडल, रैली, लरिया, सरिहान, बोगई... बहुतेक नावं झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, आंध्र यांच्या रानांतली. त्याच यादीत मराठी माणसाला ओळखीचं एक नाव येतं: ‘भंडारा’. पुण्याच्या पगडीला, सोलापूरच्या चादरीला, नागपूरच्या संत्र्याला गावाचं नाव आहे हे आपल्याला पाठ असतं. भंडारा जिल्ह्याचं नाव एका पतंगाला आहे, ही गोष्ट मात्र तलावांच्या आणि तांदळाच्या कौतुकात मागे पडून गेली. हा वाण भारताबाहेर कुठेही नाही, आणि भारतातही त्याचं घर वैनगंगेच्या आसपासच्या रानांतच.

मूळ जातीचं शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. इकडे त्याच्या कोशालाही कोसा म्हणतात आणि त्याच्या कापडालाही. पतंग तसा लहान नाही, पंख पसरले तर दोन तळहात झाकतो. नर तांबूस-तपकिरी, मादी थोराड आणि पिवळट किंवा करडी, चारही पंखांवर काचेसारखा आरपार दिसणारा एकेक गोल डोळा. एवढ्या देखण्या जीवाला खायला तोंड नाही. कोशातून बाहेर आल्यावर तो जेमतेम आठ-दहा दिवस जगतो, तेवढ्यात जोडीदार शोधतो, मादी दीड-दोनशे अंडी घालते आणि दोघं मरून जातात. खाण्याचं सगळं काम अळीचं. ऐनाच्या, म्हणजे इकडच्या बोलीत येनाच्या, नाही तर अर्जुनाच्या पानांवर ती महिना-सव्वा महिना चरते, चार वेळा कात टाकते आणि शेवटी फांदीला देठाने लटकणारा एक कडक कोश विणते. त्या कोशाच्या भिंतीत कॅल्शियमचे क्षार मुरलेले असतात, म्हणून तो वाळल्या फळासारखा टणक लागतो. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, भंडाऱ्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही, आतला जीव तिथेच निपचित पडून राहतो.

या पतंगाला लॅटिन नाव मिळालं ते १७७३ साली, लंडनमध्ये. नाव देणारा ड्रू ड्रुरी हा धंद्याने सोन्याचांदीचा कारागीर. त्याला किड्यांचा नाद. परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना तो छापील सूचना द्यायचा, की किडे कसे पकडावे, कसे वाळवावे, कसे पाठवावे. मोझेस हॅरिसकडून त्यांची चित्रं काढवून त्याने तीन खंडांचा ग्रंथ काढला, आणि त्याच्या दुसऱ्या खंडात आपला पतंग ‘मायलिटा’ झाला. मायलिटा ही बाबिलोनची प्रेमदेवता. चार वर्षांनी ड्रुरीचं दिवाळं निघालं. लंडनमधल्या त्या चित्राला कोशाच्या धाग्याशी काही देणंघेणं नव्हतं. रेशमाचा पतंग म्हणून त्याची सविस्तर दखल घेतली ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी. १८०४ साली लिनियन सोसायटीच्या खंडात छापून आलेला त्यांचा लेख बंगालच्या टसर आणि एरी किड्यांवर आहे. रानातला हा किडा लोक कसा वाढवतात, हे इंग्रजी वाचकांना त्यातून कळलं.

लोकांना ते केव्हापासून माहीत होतं, याचा पुरावा मात्र फार मागे जातो. हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांत आणि मण्यांत अडकून राहिलेले धागे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ते जंगली रेशमाचे, अँथेरिया प्रजातीतल्या पतंगांचे निघाले. काळ इसवी सनापूर्वी सुमारे २४५० ते २०००. महाराष्ट्रातही असा एक धागा आहे. हसमुख सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत धागा शिल्लक होता, रेशमाचा आणि कापसाचा. ताम्रपाषाण काळातला, तीन हजार वर्षांहून जुना. नेवाशाच्या त्या कामात असलेले शां. भा. देव पुढे नागपूर विद्यापीठात आले आणि १९६९-७० मध्ये जगत्पती जोशींबरोबर त्यांनी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला बौद्ध स्तूप उकरून काढले. पवनीत त्यांना धागा मिळाला नाही. पण ज्या गावात पुढे कोसा विणला गेला, ते गाव दोन हजार वर्षांपूर्वीही तटबंदी असलेलं नांदतं नगर होतं, हे त्या उत्खननाने ठरलं.

आता या पतंगाच्या खऱ्या माणसांकडे यायला हवं. कोसा तीन हातांतून जातो: पाळणारा, सूत काढणारी आणि विणणारा. पाळणारा बहुतेक ठिकाणी ढिवर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ढिवरांचं मुख्य काम पाण्यावरचं, म्हणजे तलाव, बोड्या, वैनगंगा आणि तिच्या उपनद्या. पावसाळ्यात तलाव भरले, मासा पांगला, की यातलीच काही कुटुंबं रानात चढतात. कोशांतून पतंग निघतात ते त्याच दिवसांत. पूर्वी मादीला रात्री उघड्यावर ठेवत, आणि तिच्या गंधावर रानातले नर दूरवरून येत. म्हणजे घरच्या कोशांतली मादी आणि रानातला नर. दरवर्षी नवं रक्त मिळे, आणि वाण रानाशी बांधलेला राही. मला वाटतं, ‘भंडारा’ नावाचा वाण टिकला तो या रिवाजामुळे. प्रयोगशाळेत तो कुणी घडवलेला नाही.

आठ-नऊ दिवसांत अंडी उबतात. अळ्या झाडावर सोडल्या की माणसाची झोप गेली. मुंग्या, गांधीलमाश्या, अळीच्या अंगात सोंड खुपसून रस पिणारे ढेकूण, अळीवर अंडी घालणारी उझी माशी, कावळे, वानरं. सगळ्यांना ती कोवळी हिरवी अळी हवी असते. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत गलोल घेऊन, आरोळ्या देत राखण करायची. एका झाडाची पानं संपली की अळ्या असलेली फांदीच कापून दुसऱ्या झाडाला अडकवायची. अळीला हाताने सोडवायला गेलं तर ती फांदी सोडत नाही आणि जखमी होते. जुलै-ऑगस्टमध्ये येणारं पहिलं पीक मुख्यतः बियाण्यासाठी. सप्टेंबरनंतरचं दुसरं पीक विक्रीचं. त्यातले कोश मोठे आणि जड असतात.

मध्य आणि पूर्व भारतातल्या कोसापालकांच्या नेमांबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांनी बरंच लिहून ठेवलंय, थोडं कौतुकाने, थोडं हसून. अळ्या झाडावर असेपर्यंत मांस-मासळी वर्ज्य, डोक्याला तेल नाही, जमिनीवर झोपायचं, बायकोपासून दूर राहायचं, विटाळ पाळायचा. मासे हेच ज्याचं पोट, त्याने मासा सोडायचा! साहेबांना ही अंधश्रद्धा वाटली. पण ज्या अळीला तेलकट हाताचा आणि रोगाचा संसर्ग चटकन बाधतो, तिच्याजवळ स्वच्छ हातांनी जायचा हा नियम आहे, आणि त्याला देवाची ताकीद जोडली तरच तो महिनाभर पाळला जातो. पुढे प्रयोगशाळांनी जंतुनाशकं आणि हातमोजे आणून तेच सांगितलं.

कोश घरी आले की बायकांचं काम सुरू होतं. राखेच्या नाही तर सोड्याच्या पाण्यात ते उकळून मऊ करायचे, वरची साल काढायची, चार-पाच कोशांचे धागे एकत्र धरून उघड्या मांडीवर वळत ओढायचे. दिवसभर ओढून हाताला येतं ते थोडंच सूत, आणि मांडीची कातडी सोलवटून निघते. ज्या कोशातून पतंग फोडून बाहेर आला त्याचा अखंड धागा मिळत नाही. त्याचा जाडाभरडा घिच्चा करतात. या बायकांची नावं कुठल्याच कागदात नाहीत. ढिवराचं नाव निदान एका जातीच्या नोंदीत तरी आहे.

विणकरांची गोष्ट वेगळी. त्यांना इतिहास आहे, पुराण आहे, देऊळ आहे. रॉबर्ट व्हेन रसेल आणि कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे चार खंड काढले, त्यात कोष्ट्यांची उत्पत्तिकथा आहे. मूळपुरुष मार्कंड ऋषी. देवांची लाज झाकायला त्यांनी कमळाच्या तंतूंचं पहिलं कापड विणलं. बक्षीस म्हणून सूर्याची मुलगी मिळाली, आणि आंदण म्हणून भवानी नावाचा एक राक्षस आणि एक वाघ. राक्षस ऐकेना, म्हणून ऋषींनी त्याला मारलं आणि त्याच्या हाडांचा पहिला माग केला. वाघ मात्र आज्ञेत राहिला. म्हणून रानात वाघ आडवा आला आणि कोष्ट्याने मार्कंडाचं नाव घेतलं तर वाघ वाट सोडतो, कोष्ट्याला वाघाने कधी मारलेलं नाही, अशी श्रद्धा रसेल-हिरालालांनी नोंदवली आहे. ही कथा वाचताना मला नेहमी वाटतं की वाघाचा करार झाला तो चुकीच्या माणसाशी. कोष्टी गावातल्या मागावर बसलेला असतो. महिना-महिना वाघाच्या रानात राहून कोशाची राखण करणारा ढिवर असतो, आणि त्याच्यासाठी कुणी मार्कंड ठेवलेला नाही.

कोष्ट्यांचं हे मोठेपण निराधार नव्हतं. मोहाडी, आंधळगाव, पवनी ही विणकरांची गावं. देवांग कोष्ट्यांची कुलदेवी चौंडेश्वरी, आणि मोहाडीत चौंडेश्वरीचं देऊळ आजही जिल्ह्याचं श्रद्धास्थान आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात रेशीमकाठी धोतरं, पागोटी, लुगडी यांना दरबारचं गिऱ्हाईक होतं. कोशाच्या वस्त्राला आणखी एक कायमचं गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे सोवळं. पूजेला, श्राद्धाला, मुंजीला कोशाचं वस्त्र शुद्ध मानलं जाई. उकळत्या पाण्यात मेलेल्या जिवांच्या धाग्याचं, ज्याच्या हातचं पाणीही काही घरांत विचार करून घेतलं जाई त्याने वाढवलेलं, असं ते शुद्ध वस्त्र. आपल्या धर्मशास्त्राला हिशोब कुठे थांबवायचा ते बरोबर कळतं.

याच प्रदेशातलं सगळ्यात नजरेत भरणारं काम म्हणजे करवती काठ. अंगात कोसा, काठात गडद रंगाचं सूत, आणि दोघांच्या सांध्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. हे दाते भरतकामाचे नसतात. काठाचे दोन आणि अंगाचा एक, असे तीन धोटे मागावर चालतात आणि प्रत्येक फेरीला त्यांचे धागे एकमेकांत अडकवावे लागतात. यंत्रमागाला ही अडकवणूक जमत नाही. हाताला जमते, पण हळू.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. दरबार गेला, म्हणजे विणकराचं मोठं गिऱ्हाईक गेलं. १८६१ साली मध्य प्रांत झाला. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६५ साली नागपुरात मोठं प्रदर्शन भरवलं. प्रांतात काय पिकतं, काय विणलं जातं, रानात काय सापडतं, हे व्यापाऱ्यांना दाखवायचं होतं. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. ती इथून कापूस घेऊन गेली आणि मँचेस्टरचं कापड घेऊन आली. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. साधं सुती कापड विणणाऱ्यांचं त्यात मोडून पडलं. कोसा आणि रेशीमकाठ विणणारे तगले. गिरणीला तो धागा पेलत नव्हता, एवढंच त्याचं कारण.

नेमक्या याच काळात विलायतेची नजर जंगली रेशमावर गेली, आणि त्यामागे एक रोग होता. १८५० च्या पुढे फ्रान्स आणि इटलीतल्या तुतीच्या रेशीमकिड्यांवर पेब्रिनची साथ आली. अळ्यांच्या अंगावर मिऱ्यासारखे काळे ठिपके पडायचे आणि पिकंच्या पिकं जायची. लुई पाश्चर १८६५ पासून काही वर्षं आलेस गावी या रोगामागे लागले. त्यांनी काढलेला उपाय सोपा आणि कष्टाचा होता. प्रत्येक मादीला वेगळं ठेवून अंडी घालू द्यायची, मग ती मादी वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. रोगाचे कण दिसले की तिची सगळी अंडी जाळायची. ही पद्धत शंभर वर्षांनी भंडाऱ्याला आली. त्याच्या आधी आली ती रेशमाची टंचाई, आणि टंचाईमुळे शोधाशोध.

इंग्लंडमध्ये लीक गावी टॉमस वॉर्डल नावाचा रंगारी होता. प्रसिद्ध नक्षीकार विल्यम मॉरिसने कापड रंगवायचे धडे घेतले ते याच वॉर्डलकडे. टसरचा धागा मुळात तपकिरी आणि चपटा, त्याला रंग धरत नसे, म्हणून युरोपात त्याला किंमत नव्हती. वॉर्डलने तो खुलवायची आणि रंगवायची युक्ती बसवली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे रंगीत टसर नमुने गाजले. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या भारतीय जंगली रेशमांवरची त्याची पुस्तिका १८८१ साली निघाली. १८८५-८६ मध्ये तो स्वतः हिंदुस्थानात फिरून गेला. टसरपासून सीलच्या कातडीसारखं दिसणारं मखमली कापडही विलायतेत निघालं, आणि मडमा त्याचे कोट घालू लागल्या.

वाटलं असतं, आता कोसापालकाचे दिवस आले. आले ते चीनचे. चीनमध्येही टसर आहे, पण ते दुसऱ्या जातीच्या पतंगाचं, ओकच्या पानांवरचं. शांटुंग आणि मांचुरियातलं ते रेशीम एकसारखं, स्वस्त आणि गठ्ठ्यांनी मिळणारं. युरोपच्या गिरण्यांना तेच हवं होतं. ऐनाच्या झाडावर माणसाने गलोल घेऊन राखलेला कोश दरवर्षी तेवढा, तसाच आणि त्याच भावात मिळेल याची हमी कोण देणार? वॉर्डलने भारतीय टसरसाठी दार उघडलं आणि चिनी टसर आत गेलं. या प्रकरणात त्याचा हेतू चांगला होता, पण कोश पाळणाऱ्याचा प्रश्न त्याने कधी मुळातून घेतला नाही. त्याचं सगळं लक्ष रंगाच्या पातेल्यावर होतं.

इकडे तोवर रान बदललं होतं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात फांदी तोडणं, विस्तव लावणं, गुरं चारणं हे परवानगीवाचून गुन्हे ठरले. वनखात्याच्या दृष्टीने ऐन म्हणजे इमारती लाकूड. सरळ वाढावं, उंच जावं, तुळया व्हाव्या. ढिवराला हवा तो शेंडा छाटलेला, हाताशी येणारा, कोवळ्या पानांनी भरलेला ऐन. एकाच झाडाकडून दोघांच्या मागण्या इतक्या उलट, की समझोता व्हायला फार जागाच नव्हती. शिवाय फांदीसकट अळ्या दुसरीकडे नेणं हीच ज्याच्या धंद्याची पद्धत, त्याचं रोजचं काम आता कलमाखाली येत होतं.

पहिल्या महायुद्धात सरकारला रेशमाची पुन्हा आठवण झाली. हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय आणि एरिक अ‍ॅन्सॉर्ज यांनी देशभर चौकशी केली, तिचा अहवाल १९१७ साली आला. लेफ्रॉय हा पूर्वी पुसा इथला सरकारी कीटकशास्त्रज्ञ. हिंदुस्थानातल्या किड्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिलेला माणूस. पुढे विलायतेत वेस्टमिन्स्टर हॉलच्या छतातली लाकूड पोखरणारी कीड मारायचं काम त्याच्याकडे आलं, त्यातून कीडनाशक औषधांची कंपनी निघाली, आणि १९२५ मध्ये प्रयोगशाळेतल्याच विषारी वायूने तो मेला. अहवाल कपाटात राहिला.

स्वातंत्र्यानंतर चक्र पुन्हा फिरलं. १९४८ च्या कायद्याने केंद्रीय रेशीम मंडळ झालं, १९६४ मध्ये रांचीला टसर संशोधन केंद्र निघालं. भंडाऱ्यातही मंडळाचं बीजगुणन आणि प्रशिक्षण केंद्र आलं. १ सप्टेंबर १९९७ ला राज्याचं रेशीम संचालनालय स्थापन झालं, तेही नागपुरात. पाश्चरची मादी तपासायची पद्धत आता गावोगाव पोचली, आणि ढिवराला रोगमुक्त अंडीपुंज मिळू लागले. हा फायदा खरा आहे. पेब्रिनने अख्खं पीक बसणं काय असतं ते भोगलेल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही.

पण अंडीपुंज कुठल्या पतंगाचे? देशभर सरकारी बीजकेंद्रांचा भर राहिला तो डाबा वाणावर. हा मूळचा सिंहभूमचा, म्हणजे आजच्या झारखंडचा. त्याचा कोश चांगला, तो वर्षातून दोनदा ठरल्यासारखा येतो, त्याचं संगोपन आणि वेळापत्रक बसवलेलं आहे. ‘भंडारा’ लहरी. त्याचे पतंग एका दमात निघत नाहीत. उन्हाळा वेळीअवेळी तापला की कोणत्याही वाणाचे पतंग अवेळी निघतात, नर आधी आणि मादी नंतर, आणि मग बियाणं वाया जातं. केंद्र चालवणारा अधिकारी डाबाकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही. मात्र बंद खोलीत नर-मादी जुळवायला लागल्यापासून रानातल्या नराचं येणं बंद झालं. तोडणीत राहून गेलेल्या डाबाच्या कोशांतून निघालेले पतंग आता त्याच रानात उडतात. पतंगाच्या नावातला जिल्हा शाबूत आहे, पण जिल्ह्यातला तो पतंग पातळ होत चाललाय.

विणकराकडेही तेच. गेल्या तीसेक वर्षांत देशभरच्या कोसा विणकरांनी उभ्या धाग्यासाठी परदेशी, विशेषतः चीन आणि कोरियाकडचं टसर सूत घेतलं. ते गुळगुळीत असतं, तुटत नाही, मागावर वेळ वाचतो. वॉर्डलच्या काळात लंडनला पोचलेलं चिनी टसर शंभर वर्षांनी भारतीय विणकराच्या मागावर आलं. करवत काठी साड्यांना आता भौगोलिक मानांकन आहे. मांडीवरचं सूत बंद व्हावं म्हणून रेशीम मंडळाने गेल्या दशकात ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणलं. बायकांच्या मांड्या वाचल्या तर त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

राहिला ढिवर. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली. २०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्य झालं, त्यापाठोपाठ कोका. एकीकडे नदीचं पाणी गेलं, दुसरीकडे रान बंदिस्त झालं. त्याच दरम्यान २००६ चा वनहक्क कायदाही आला. या कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, तिच्यात बांबू, मध, तेंदूपत्ता यांच्या बरोबरीने टसर आणि कोश हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. ढिवराच्या धंद्याचं नाव देशाच्या कायद्यात असं नीट क्वचितच आलं असेल. अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रात ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातींत आहेत. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, आपण याच रानावर अवलंबून होतो हे दाखवावं लागतं. म्हणजे १९३० च्या आसपास आपला पणजोबा कुठल्या ऐनावर कोसा राखत होता, याचा पुरावा. आणि १९३० च्या कागदांत काय आहे? साडी आहे, काठ आहे, कोष्टी आहेत, वाघ आहे. पाळणारा शोधावा लागतो.

सुदैवाने कायद्याचे नियम फक्त सरकारी कागद मागत नाहीत. जुनी गॅझेटियरं, जनगणना, परवाने, पावत्या, निस्तारपत्रकं तर चालतातच, पण गावातल्या दावेदार नसलेल्या वयस्कर माणसाने सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदनही पुरावा म्हणून धरता येतं. तेव्हा पवनी, साकोली, लाखांदूर, मोहाडीकडच्या वाचकांना विनंती आहे. घरातल्या ट्रंकेत कोसा पाळण्याचा जुना वनपरवाना, व्यापाऱ्याची कोश घेतल्याची चिठ्ठी, मालगुजाराची पावती असं काही असेल, तर ती ग्रामसभेच्या वनहक्क समितीला दाखवा. आणि कागद नसेल, पण बाप-आज्याबरोबर रानात राहून कोसा राखलेली म्हातारी माणसं गावात असतील, तर त्यांचं म्हणणं रानाच्या आणि जागेच्या नावासकट यंदाच लिहून घ्या.